कुतूहल कोपरा : खोली नंबर १२, पण कुठल्या चाळीतली?



फोन वाजतो. तिकडे आई उचलते. पडद्यावर सेकंद पुढे सरकू लागतात, पण आवाज काही येत नाही. इकडून ‘हॅलो, हॅलो’, तिकडूनही बहुधा तेच. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘आईंना अजून फोन नीट उचलता येत नाही.’ इथल्या आपल्या घराघरांत ओळखीचा प्रसंग आहे हा. यंदाच्या कोपऱ्यात त्यामागचं कारण पाहू. ते बहुतेक वेळा आईच्या बोटांत नसतं, पत्त्यात असतं.

शाळेत शिकवत असताना मी मुलांना घरचा पत्ता लिहायला सांगायचे. एखादं मूल अगदी विश्वासानं लिहायचं, ‘खोली नंबर १२’. त्याच्या दृष्टीनं पत्ता पूर्ण होता. पण खोली नंबर १२ प्रत्येक चाळीत असते. चाळीचं नाव, रस्ता, गाव आल्याशिवाय पोस्टमन पोचणार कसा?

आपल्या फोनची अवस्था नेमकी त्या मुलासारखी असते. घरच्या वाय-फायवर त्याला मिळालेला पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. असे पत्ते १९९४ पासून खासगी, अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. आम्सतलवेनमध्ये तोच, आइंडहोवनमध्ये तोच, सोलापुरातही तोच. बाहेरच्या जगात त्याला काही अर्थ नाही. खरा, जगाला दिसणारा पत्ता असतो तो दाराशी बसलेल्या राउटरचा, म्हणजे चाळीच्या वॉचमनचा. तो आतलं पत्र बाहेर पाठवताना त्यावर चाळीचा पत्ता आणि एक खिडकी क्रमांक घालतो, आणि वहीत नोंद करतो : ‘खिडकी ७, खोली १२.’ उत्तर आलं की वही बघून ते आत पोचवतो. ज्याची नोंद नाही, ते पत्र दारातूनच परत.

वेबसाइट पाहताना हे छान चालतं, कारण पहिलं पत्र नेहमी आपलंच असतं. कॉलमध्ये मात्र दोन्ही टोकांना वॉचमन. तुमच्या ॲपनं आईच्या ॲपला सांगायचं असतं, ‘आवाज या पत्त्यावर पाठव.’ पण आपला बाहेरचा पत्ता त्यालाच ठाऊक नसतो!

त्यावर उपाय साधा आहे : बाहेरच्या कुणाला तरी विचारायचं. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफ या संस्थेनं मार्च २००३ मध्ये ‘स्टन’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. ॲप बाहेरच्या स्टन सर्व्हरला एक चिमुकली चिठ्ठी पाठवतं : ‘माझं पत्र तुला कुठल्या पत्त्यावरून आलेलं दिसतंय?’ सर्व्हर पाकिटावरचा पत्ता आणि खिडकी क्रमांक वाचून उत्तरात लिहून पाठवतो. एवढंच त्याचं काम. एक गंमत सांगते. काही अतिउत्साही वॉचमन पाकिटावरचाच नाही, तर पत्राच्या आत लिहिलेला पत्ताही बदलून टाकायचे. म्हणून २००८ च्या सुधारित नियमांत तो पत्ता थोडा वेषांतर करून पाठवायची सोय केली.

पत्ता कळला की दोन्ही ॲप्स कॉल कंपनीच्या सर्व्हरमार्फत तो एकमेकांना कळवतात आणि एकाच सुमारास एकमेकांकडे पत्रं धाडतात. त्यामुळे दोन्ही वॉचमनच्या वहीत नोंद होते, दारं उघडतात आणि आवाज थेट वाहू लागतो.

आता सुरुवातीच्या ‘हॅलो’चं कोडं सुटतं. घंटा सर्व्हरमार्फत येते, ती वाजतेच. आवाजाची वाट वेगळी असते, आणि ती अडू शकते. काही वॉचमन प्रत्येक नव्या पत्त्यासाठी नवी खिडकी उघडतात. मग स्टननं सांगितलेली खिडकी आईच्या फोनला उपयोगाची नसते. अशा वेळी आवाज मधल्या सर्व्हरवरून फिरवून न्यावा लागतो. या पद्धतीला ‘टर्न’ म्हणतात. तीही वाट बंद असेल, तर मात्र शांतता.

एवढा खटाटोप का? पत्ते कमी पडले म्हणून. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. जगाच्या लोकसंख्येपेक्षा कमी! वॉचमनची युक्ती १९९४ मध्ये सुचवली गेली, तीही तात्पुरता उपाय म्हणून. या गोष्टीतलं एक महत्त्वाचं ठिकाण आपल्या शेजारीच आहे. १७ नोव्हेंबर १९८८ रोजी आम्सटरडॅममधली सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था अमेरिकेतल्या एनएसएफनेटला जोडली गेली आणि युरोपात खुलं इंटरनेट आलं. युरोपला पत्ते वाटणारी राइप एनसीसी ही संस्थाही आम्सटरडॅमचीच. तिच्याकडच्या शिल्लक पत्त्यांतला शेवटचा गठ्ठा २५ नोव्हेंबर २०१९ रोजी वाटला गेला. आता कुणी परत केले, तरच रांगेतल्यांना मिळतात.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं. तोवर मोठमोठे गठ्ठे अमेरिकेतल्या संस्था आणि कंपन्यांच्या हाती गेले होते. त्यामुळे मोबाइल कंपन्यांना असंख्य ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवावे लागले. म्हणजे चाळीच्या वॉचमनपुढे पुन्हा कॉलनीचा वॉचमन!

तेव्हा आवाज आला नाही, तर हे करून पाहा. एका बाजूनं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा घ्या. वॉचमन बदलतो. व्हीपीएन चालू असेल तर थांबवा. ऑफिस किंवा हॉटेलच्या वाय-फायवर असे कॉल मुद्दाम अडवलेले असू शकतात. आणि व्हॉट्सॲपवर एकास एक कॉल जमत नसेल, तर तिसऱ्या कुणाला घेऊन ग्रुप कॉल लावा. ग्रुप कॉल नेहमी सर्व्हरवरून जातात, थेट वाटेची गरजच उरत नाही.

एक सावधगिरीही हवी. थेट कॉलमध्ये तुमचा बाहेरचा पत्ता समोरच्या फोनला कळतो. घरच्यांशी बोलताना त्याची चिंता नाही, पण मार्क्टप्लाट्सवर सोफा विकताना अनोळखी माणसाशी बोलायचं असेल, तर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली, ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये, कॉलमधला आयपी पत्ता झाकण्याची सोय आहे. ती २०२३ पासून मिळते. आवाजाचा दर्जा थोडा उतरू शकतो, पण संभाषण कुलूपबंदच राहतं, मधल्या सर्व्हरला ते ऐकता येत नाही.

कायमचा उपाय म्हणजे आयपीव्ही६. त्यात पत्ते इतके, की ३४ वर ३७ शून्यं द्यावीत. प्रत्येक खोलीला स्वतःचा पूर्ण पत्ता. वॉचमन तिथेही राहतो, पण ‘मी कुठे राहतो?’ असं बाहेर विचारत फिरावं लागत नाही. अट एकच, तो दोन्ही टोकांना हवा. भारत याच्या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. पत्त्यांच्या पंगतीला उशिरा आलेल्यानं नवी पंगत आधी मांडली म्हणायची! तुमच्या घरी तो चालू आहे का, हे इथल्या इंटरनेट कंपनीला एकदा विचारून घ्या.

दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!