प्रयोगशाळेचे कुलूप

शाळेच्या स्मरणिकेत इमारतींची छायाचित्रे असतात, निकालांचे तक्ते असतात, देणगीदारांची नामावली असते. प्रयोगशाळेचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो. आमच्या मते त्या खोलीविषयी अधिक बोलले पाहिजे. ज्या समाजाला शतकानुशतके पाणवठ्यावर हात लावू दिला गेला नाही, त्या समाजाच्या मुलामुलींनी परीक्षानळी हातात धरणे ही साधी घटना नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा कला शाखेच्या जोडीला विज्ञान शाखाही ठेवली. त्या दूरदृष्टीचा वारसा सांगणाऱ्या निवासी शाळेत प्रयोगशाळा उघडी असली पाहिजे, आणि सुरक्षितही.

काही शाळांनी यावर सोयीस्कर तोडगा काढलेला दिसतो. अपघात नको, म्हणून खोलीला कुलूप. वर्षभर प्रयोग फळ्यावर होतात आणि प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली की बाटल्यांवरची धूळ झटकली जाते. याला आम्ही सुरक्षितता म्हणणार नाही. ज्याने वर्षभरात एकदाही स्पिरिटचा दिवा पेटवला नाही, त्याच्या थरथरत्या हाती परीक्षेच्या घाईत तीव्र आम्ल देणे, यापरता धोका कोणता? पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तशी सावधगिरीही कुलपाआड शिकता येत नाही.

नियम फारसे अवघड नाहीत. ते अंगवळणी पडावे लागतात. आम्ल पाण्यात थेंबाथेंबाने घालावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. जळत्या दिव्यात स्पिरिट भरू नये. दिवसाच्या उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसतच नाही. नळी तापवताना तिचे तोंड स्वतःकडे वा शेजाऱ्याकडे नसावे. ओढणी खोचलेली, केस बांधलेले आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

यांखेरीज खानदेशच्या हवापाण्याचे काही धडे आहेत. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या छपराखाली तापलेल्या तीव्र अमोनियाच्या बाटलीत दाब साठतो आणि बूच काढताच द्रव तोंडावर उसळू शकतो. अशी बाटली आधी थंड करून, तोंड दूर ठेवून, खिडकीपाशीच उघडावी. दुसरा प्रश्न पाण्याचा. अंगावर आम्ल उडाले तर पहिला उपचार वाहत्या पाण्याचा, तोही किमान १५ ते २० मिनिटे. डोळ्यांत उडाले तरी हेच करावे आणि तसेच दवाखाना गाठावा. हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. पण मार्च-एप्रिलमध्ये टाकी कोरडी पडली तर हा उपचार करायचा कशाने? म्हणून प्रयोगशाळेसाठी तोटी असलेली स्वतंत्र टाकी राखीव हवी, आणि त्या पाण्याला दुसऱ्या कामासाठी हात लावता कामा नये.

हा विषय चार भिंतींपुरता नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि किमान १३ जीव गेले. आपली मुले उद्या अशाच औद्योगिक वसाहतींत कामाला जाणार आहेत. धोक्याची पाटी वाचणे, वायूचा वास येताच थांबणे, वरिष्ठाला प्रश्न विचारणे, ही सवय त्यांना शाळेतच लागली पाहिजे. मोठ्या विद्यापीठांनाही यातून सूट नाही. २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात हवेत आपोआप पेट घेणारे रसायन हाताळताना एक तरुण संशोधन-साहाय्यक भाजली आणि पुढील महिन्यात मरण पावली. तिच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता. आणि आपल्या घरी? कपाशीवर फवारायचे औषध शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवण्याची रीत आजही आहे. बाटलीवर नाव असलेच पाहिजे, हे प्रयोगशाळेत शिकलेले मूल घरी जाऊन ती रीत मोडू शकते.

बुद्धधम्मात अप्पमादाला, म्हणजे अखंड जागरूकतेला, मोठे स्थान आहे. धम्मपदाचा एक संपूर्ण वर्ग त्याच विषयाला वाहिलेला आहे. प्रयोगशाळेचे टेबल ही त्या जागरूकतेची रोजची शाळा आहे, असे आम्ही मानतो. मात्र सारा भार मुलांवर टाकून चालणार नाही. वसतिगृहातील मुलाचे आईबाप दूर असतात. तेथे शाळाच त्याची पालक असते. आमच्या बहुसंख्य पालकांनी स्वतः प्रयोगशाळा पाहिलेली नाही, म्हणून काय विचारावे हे त्यांना सुचत नाही. त्यांनी पालकसभेत निःसंकोच विचारावे: प्रयोगाच्या वेळी शिक्षक खोलीत हजर असतात का? प्रत्येक मुलाला चष्मा मिळतो का? वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक कोठे आहेत, ते शेवटचे कधी तपासले? जुनी, नाव पुसलेली रसायने काढून टाकली का? रात्री-अपरात्री कोणी भाजले तर वाहन आहे का?

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना एक विनंती. शाळेला कमान, घड्याळ, नामफलक देण्याची आपली परंपरा चांगली आहे. यंदा तिला जोड म्हणून एका वर्गाला पुरतील इतके चष्मे, हवा बाहेर टाकणारा पंखा, रसायनांचे कुलूपबंद लोखंडी कपाट आणि ती पाण्याची टाकी द्यावी. आपल्यापैकी जे रसायन उद्योगात, रुग्णालयांत, अग्निशमन दलात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस येऊन मुलांकडून सराव करून घ्यावा. कुलूप रसायनांच्या कपाटाला असावे. प्रयोगशाळेच्या दाराला नको.