एसी अर्धा गार, अर्धा गरम?

ड्रायव्हरला गरम झुळूक आणि शेजारच्या सीटवर महाबळेश्वर? जुन्या गाड्यांचा हा नेहमीचाच नखरा! गॅरेजवाला लगेच म्हणेल, ‘गॅस भरून टाकू.’ जरा थांबा. इंजिन चालू ठेवून एसी फुल करा आणि १० मिनिटांनी प्रत्येक जाळीपाशी डिजिटल थर्मामीटर धरा. तापाचा नव्हे, किचनमधला! दोन बाजूंत बराच फरक? गॅस कमी असू शकतो. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी लीक शोधायला सांगा, नाहीतर दर उन्हाळ्यात तेच बिल! डॅशबोर्डमागे टकटक ऐकू येते? मग गरम-थंड हवा मिसळणारा फ्लॅप अडकला असेल. हायवेवर गार, सिग्नलला गरम? कंडेन्सरचा फॅन तपासा. आधी बिघाड ओळखा, मगच पाकीट उघडा!