एटीव्हीला पॉवर स्टिअरिंग? आधी दुखणं शोधा

नागाव, काशिदच्या वाळूत पर्यटकांना फिरवणाऱ्या एटीव्हीचं हँडल जड झालं, की इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा मोह होतो. मी सॉफ्टवेअरवाला; आधी बग शोधतो, मग अपग्रेड करतो.

पुढची चाकं उचलून हँडल फिरवा. तरीही जड? बेअरिंग किंवा बॉल जॉइंट बहुधा खाऱ्या पाण्याने गंजलाय. हलकं झालं? टायरमधली हवा तपासा. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खडखडलं, तर टाय रॉडचं टोक झिजलं असेल.

पॉवर स्टिअरिंगचा सेन्सर हाताचा जोर मोजतो, मोटर बॅटरीच्या करंटवर मदत करते. पण ती झीज दुरुस्त करत नाही, लपवते. टाय रॉड तुटला तर मोटर काय वळवणार? आणि समोर वाळूत मुलं खेळत असतात. म्हणून आधी दुरुस्ती, मगच मोटर.