धावपट्टीचे दिवे आणि पलीकडचा अंधार

इंदूरचा राजवाडा हे होळकरशाहीच्या वैभवाचे प्रतीक आणि त्या शहरातील मराठी माणसाच्या अभिमानाचे ठिकाण. सणासुदीला या सात मजली वास्तूवर रोषणाई झाली की पाहणाऱ्याचे डोळे दिपून जातात. याच राजवाड्याच्या पश्चिमेस, बिजासनच्या परिसरात, टाटा कंपनीचे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी 1935 साली विमानतळासाठी जागा निवडली. जुलै 1948 मध्ये तेथून ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबईकडे विमाने जाऊ लागली आणि एप्रिल 1950 मध्ये विमानतळ केंद्र सरकारच्या ताब्यात गेला. देवी अहिल्याबाईंचे नाव धारण करणाऱ्या या विमानतळावर अंधार पडल्यानंतर विमान उतरणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. परंतु राजवाड्यावरचे दिवे आणि धावपट्टीवरचे दिवे यांत एक मूलभूत भेद आहे. पहिले शोभेसाठी असतात, तर दुसऱ्यांच्या भरवशावर शेदीडशे माणसे आपले प्राण एका वैमानिकाच्या हाती सोपवून निर्धास्त बसलेली असतात.

हा भेद सांगण्याचे कारण असे की, लहान शहरांतून रात्रीच्या विमानसेवेची मागणी आता प्रतिष्ठेचा प्रश्न होऊन बसली आहे. शिर्डीचा विमानतळ ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झाला. तेथे रात्री विमान उतरविण्याची परवानगी मिळण्यास 2023 साल उजाडले. कोल्हापूरकरांनी या सोयीसाठी वर्षानुवर्षे आवाज उठविला. आमच्या शेजारच्या सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये खुला झाला आणि तेथेही हीच मागणी पुढे आली. ही मागणी गैर आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. रात्रीचे विमान म्हणजे व्यापाऱ्याचा एक दिवस वाचणे, रुग्णाला वेळेवर मोठे इस्पितळ गाठता येणे. आमचा प्रश्न इतकाच आहे की, धावपट्टीच्या कडेला दिव्यांची रांग उभी राहिली म्हणजे काम संपले काय?

दिवसा वैमानिकाला डोंगर, झाडे, रस्ते, घरे दिसतात. त्यावरून आपण किती उंचीवर आहोत याचा अदमास त्याला घेता येतो. रात्री हे सारे नाहीसे होते. मोठ्या शहराच्या विमानतळाभोवती निदान वस्तीचे दिवे असतात. लहान विमानतळाच्या भोवताली मात्र शेते, माळरान किंवा दऱ्या असतात आणि त्या काळोखात धावपट्टीचे दिवे तेवढे लुकलुकत असतात. अशा वेळी आपण आहोत त्याहून उंच आहोत असा भास अनुभवी वैमानिकालाही होतो आणि विमान नकळत खाली येऊ लागते. त्यासाठीच धावपट्टीच्या बाजूला चार दिव्यांची एक खूण असते. दोन पांढरे व दोन तांबडे दिसले तर उतरण्याचा मार्ग योग्य. चारही तांबडे दिसले तर विमान धोक्याइतके खाली आले आहे. या खुणेतील दिवा बिघडला, त्याचा कोन ढळला किंवा गवत वाढून तो झाकला गेला, तर रक्षकच दिशाभूल करील. म्हणून दिवे बसविणाऱ्या कंत्राटदारापेक्षा ते रोज तपासणाऱ्या कर्मचाऱ्याचे महत्त्व अधिक आहे. त्याच्या नेमणुकीचा मात्र उद्घाटन समारंभ होत नसतो!

दिव्याखाली अंधार ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. 6 नोव्हेंबर 2014 रोजी सुरतेस संध्याकाळी उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानाची एका म्हशीशी टक्कर झाली. 4 डिसेंबर 2015 रोजी रात्री मुंबईहून जबलपूरला आलेले विमान उतरताच रानडुकरांच्या कळपावर आदळले व धावपट्टीबाहेर गेले. दोन्ही वेळा प्रवासी वाचले हे त्यांचे भाग्य. जानेवारी 2023 मध्ये रीवा येथे रात्रीच्या सरावातील एक प्रशिक्षण विमान मंदिराच्या शिखराला धडकले आणि प्रशिक्षक वैमानिकाचा बळी गेला. आमच्या दाबोळीवरही 27 डिसेंबर 2016 च्या पहाटे मुंबईस निघालेले विमान धावपट्टी सोडून भलतीकडे गेले व प्रवासी जखमी झाले. प्रत्येक घटनेची कारणे निराळी आहेत, हे खरे. परंतु धावपट्टी म्हणजे डांबराचा पट्टा एवढाच अर्थ नव्हे, हा धडा सर्वांत समान आहे. कुंपण, आसपासच्या उंच इमारती व तारा, अग्निशामक दल, पावसात धावपट्टीवर टायर किती पकड घेतात याची मोजणी, हे सारे धावपट्टीतच मोडते.

याहूनही गंभीर बोध कोळिकोडच्या दुर्घटनेने दिला आहे. 7 ऑगस्ट 2020 रोजी दुबईहून 190 जणांना घेऊन आलेले विमान अंधारात, मुसळधार पावसात, पठारावरील त्या धावपट्टीवर उतरले. उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला होता. दुसऱ्या खेपेस पाठीमागून वारा होता आणि विमानाची चाके जमिनीला लागली तेव्हा जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे पडली होती. विमान पठारावरून खाली कोसळले आणि 21 जण मृत्युमुखी पडले. त्यांत हवाई दलात नाव मिळविलेले मराठी वैमानिक दीपक साठे हेही होते. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना दिली होती, असे चौकशी अहवाल सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण साठे यांच्याकडेच असल्याने तेथेच उतरण्याची निकड त्यांच्या मनावर होती, अशीही नोंद त्यात आहे. इतका अनुभवी माणूसही अशा निकडीतून सुटला नाही, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

रात्रीच्या सुरक्षिततेचे मर्म आमच्या मते येथे आहे. विमान उतरविण्याच्या सोयीइतकीच, न उतरविण्याची मोकळीक महत्त्वाची असते. उतरण्याचा प्रयत्न सोडून दुसरे विमानतळ गाठणाऱ्या वैमानिकाला कंपनीने जाब विचारता कामा नये. आणि प्रवाशांनीही! पावसाळ्यात गोव्यावर घिरट्या घालून विमान बंगळूर किंवा हैदराबादला गेले की आपण कर्मचाऱ्यांवर किती तोंडसुख घेतो, हे वाचकांनी आठवून पाहावे. ज्या वैमानिकाने आपला धोका टाळला, त्यालाच आपण दोष देत असतो.

तेव्हा सरकारने रात्रीच्या सेवेची परवानगी देताना दिव्यांबरोबर अन्य अटीही तितक्याच कसोशीने पाळाव्यात. धावपट्टीच्या टोकापलीकडे मोकळी सुरक्षित जागा हवी. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती किमान 90 मीटर असावी लागते व 240 मीटरची शिफारस आहे. सलग कुंपण, प्रत्येक उतरणीपूर्वी धावपट्टीची पाहणी आणि रात्रपाळीस पुरेसे कर्मचारी हवेत. यांतील एकही गोष्ट कमी असेल, तर शेवटचे विमान सूर्यास्तापूर्वीच उतरावे आणि त्यात त्या शहराला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. अहिल्याबाईंनी यात्रेकरूंसाठी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्या प्रवासी सुखरूप पोहोचावा म्हणून. त्यांचे नाव विमानतळाला देणाऱ्या देशाने रात्रीच्या प्रवाशाचीही तितकीच काळजी वाहावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.