शेपटी विसरलेले इब्न फिर्नास

ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत बारामतीजवळ दोन शिकाऊ विमाने कोसळली. १९ तारखेला संध्याकाळी कटफळजवळ आणि २२ तारखेला, रविवारी सकाळी, गोजुबावीजवळ. आतली माणसे दुखापतीवर बचावली, अल्लाहचे शुक्र. आमच्या कवठे येमाईपासून बारामती तशी लांब. एरवी आम्ही बातमी वाचून पान उलटले असते. त्या रविवारी मात्र आमच्या घरात हातातले घास हातात राहिले. कारण त्याच आठवड्यात आमच्या मामूजाननी, वय वर्षे छप्पन्न, सगळ्यांसमोर जाहीर केले होते की आता ते विमान चालवायला शिकणार.

मामूजान चोवीस वर्षे आखातात होते. एका विमानतळावर सामान ओढणाऱ्या गाड्या दुरुस्त करायचे. "विमानाच्या पोटाखालून हजार वेळा गेलो असेन," ते म्हणतात, "पण आत बसलो ते फक्त सुट्टीवर गावी येताना." दोन्ही मुलींची लग्ने झाली, हज झाला, घर बांधून झाले, कर्ज कुणाचे नाही. उरलेल्या पैशातून एक हौस पुरी करावी, एवढेच त्यांचे म्हणणे.

नानी ऐंशीच्या पुढे आहे. तिने एकच वाक्य उच्चारले, "बुढापे में ये क्या सूझी तुझे?" आणि मुलाशी बोलणे बंद केले.

मामूजान आमच्याकडे आले. "बेटा, तू शिकलेली आहेस. अम्मीला तू समजावून सांग." आम्ही म्हणालो, "मामूजान, आधी आम्हाला समजू द्या." शाळेत आम्ही मुलांना नेहमी सांगतो की शिकायला वयाची अट नसते. सुविचार फळ्यावर लिहायला सोपा असतो. तो आपल्या घरातल्या माणसाने मनावर घेतला की मग छातीत धस्स होते.

मग महिनाभर आम्ही, वह्या तपासून झाल्या की, हाच विषय वाचत बसलो. जे कळले ते वाचक बहीण-भावांपुढे ठेवतो. कारण प्रश्न विमानाचाच आहे असे नाही. पन्नाशीनंतर कुणी पोहायला शिकतो, कुणी मोटारसायकलवर लडाखला निघतो, कुणी कामशेतच्या डोंगरावरून पॅराग्लायडिंग करतो. घरच्यांनी त्यांना अडवावे की साथ द्यावी?

उतारवयातले उड्डाण ही आजची टूम नाही. नवव्या शतकात अंदलूसमधल्या कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिर्नास नावाचे विद्वान होऊन गेले. कविता, संगीत, ताऱ्यांचे गणित, काच तयार करण्याची कला, सगळ्यात त्यांना गती होती. सतराव्या शतकातले इतिहासकार अल्-मक्करी यांनी जुन्या आधारांवरून लिहून ठेवले आहे की त्यांनी अंगाला पिसे लावली, पंख बांधले आणि उंचावरून हवेत झेप घेतली. काही अंतर ते तरंगत गेलेही. तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते असे मानतात. उतरताना मात्र ते जोरात आदळले आणि पाठीला मार बसला. कारणही नोंदवलेले आहे. पक्षी जमिनीवर टेकताना शेपटीचा आधार घेतात, ते त्यांच्या ध्यानात आले नव्हते. त्यांनी पंख केले, शेपटी केली नाही. आज चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे, पण आमच्या लक्षात राहिली ती शेपटी.

उर्दूच्या तासाला आम्ही हिजाब इम्तियाज अली यांचे नाव घेतो. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या या बाईंनी १९३६ साली लाहोरच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून वैमानिकाचा परवाना मिळवला. त्या तेव्हा तरुण होत्या, पण पोटासाठी नाही, आवडीसाठी शिकल्या. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईला टपाल घेऊन विमान आणले. पुढे १९८२ साली, बरोबर पन्नास वर्षांनी, त्याच मार्गावर त्यांनी जुन्या धाटणीचे छोटे विमान पुन्हा एकट्याने चालवले. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. विजयपत सिंघानिया २६ नोव्हेंबर २००५ ला, वयाच्या ६७ व्या वर्षी, मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून सुमारे २१ किलोमीटर उंच गेले आणि सिन्नरजवळ पांचाळे गावच्या शिवारात उतरले.

ही नावे सांगितल्यावर मामूजान खुलले. नानी म्हणाली, "ते टाटा होते." तिचे चुकले नव्हते. या माणसांच्या मागे पैसा होताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तयारी होती. टाटांनी पहिला परवाना १९२९ मध्ये घेतला होता. ७८ व्या वर्षी ते नव्याने शिकत नव्हते, आयुष्यभर जे केले ते पुन्हा करत होते. आपल्या मामूजानचा पहिला धडाच छप्पन्नाव्या वर्षी.

आता ही छोटी विमाने पडतात का, ते पाहू. शिकाऊ विमान म्हणजे दोन माणसांची चिमुकली वस्तू. सेस्ना १५२ हे जगभर शिकवण्यासाठी वापरले जाणारे विमान माणसे आणि इंधन धरून साधारण साडेसातशे किलोचे भरते. भरलेल्या छोट्या मोटारीहूनही हलके. आपल्याला वाटते, इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते. तसे नसते. हजार मीटर उंचीवर इंजिन बंद झाले तरी असे विमान आठ-नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. म्हणजे आमच्या गावावर बंद पडले तर शेजारच्या गावच्या मोकळ्या रानात उतरायला वेळ मिळतो. हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र आहे, तिथली विमाने तर बिनइंजिनाचीच. यंत्राने दोर खेचून ती पतंगासारखी वर चढवतात.

खरा धोका वेगळा. सायकल फार हळू चालवली की ती डगमगते आणि आडवी होते. विमानाचेही काहीसे तसेच. वेग कमी आणि नाक वर झाले की पंखावरून वाहणारी हवा पंखाला सोडते. मग पंख विमानाला पेलत नाही. उंचावर असे झाले तर नाक खाली करून, वेग घेऊन सावरता येते. शिकवताना हे मुद्दाम करून दाखवतात. पण उतरण्याच्या तयारीत, जमिनीजवळ, वळण घेताना असे झाले तर सावरायला खाली जागाच नसते. इब्न फिर्नासना जिथे मार बसला तिथेच आजही मार बसतो, उतरताना.

दुसरा धोका ढगांचा. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने वीस वैमानिकांवर एक प्रयोग केला. यंत्रांवरचे आकडे पाहून उडण्याचे शिक्षण त्यांना नव्हते. बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून त्यांना विमान सांभाळायला सांगितले. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी वेळ लागला १७८ सेकंद. तीन मिनिटेसुद्धा नाहीत. कारण आपला तोल कानाच्या आतल्या भागावर चालतो, आणि क्षितिज दिसेनासे झाले की तो कान खोटे बोलतो. विमान वळत असते आणि आपल्याला सरळ चाललोय असे वाटते. तेव्हा ढग दिसले की मागे फिरणे, आज नको म्हणणे, हेच कौशल्य. नेमके तेच माणसाला जड जाते. पाहुणे जमलेले असतात, पैसे भरलेले असतात.

तिसरे कारण तर घरातलेच वाटावे. इंधन न मोजता निघणे, घाई, झोप न झालेली असणे. सर्दीच्या साध्या गोळीनेही झापड येते.

२५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक शिकाऊ विमान कोसळले. आत एकटी तरुण मुलगी होती, शिकणारी. ती किरकोळ जखमांवर वाचली. गावचे लोक धावत गेले, तिला बाहेर काढले, पाणी दिले. हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर आमच्याच वर्गातल्या मुली आल्या. आपण काय म्हणतो? "मुलीच्या जातीला कशाला असले उद्योग?" पण ती मुलगी एकटी विमान घेऊन वर गेली होती, म्हणजे शिकवणाऱ्याने तिच्यावर तेवढा भरवसा टाकला होता.

अपघातांच्या तपासाची एक रीत आम्हाला फार आवडली. आपल्या देशात २०१२ पासून त्यासाठी स्वतंत्र विमान अपघात तपास ब्युरो आहे. आंतरराष्ट्रीय नियम असा की हा तपास कुणाला दोषी ठरवण्यासाठी करायचा नसतो, पुन्हा तसा अपघात होऊ नये एवढ्यासाठीच करायचा असतो. आम्ही पेपर तपासताना लाल शाईने गोल करतो तो मुलाला लाजवायला की शिकवायला, हे त्या दिवसापासून आम्ही स्वतःला विचारतो. अर्थात तपास वेगळा आणि कारवाई वेगळी. बारामतीच्या दोन अपघातांनंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या प्रशिक्षण संस्थेची मान्यता निलंबित केली. तेव्हा शिकायला जाणाऱ्याने फी किती हे विचारण्याआधी विमानांची देखभाल कोण करते, शिकवणारे किती जुने, मागे काय घडले, हे विचारायला हवे. ते विचारायला केस पांढरे झालेला माणूस पोरांपेक्षा कमी लाजतो, हा वयाचा फायदाच.

आपल्याकडे हौसेने उडणाऱ्यासाठी खाजगी वैमानिकाचा परवाना असतो. किमान वय १७, शिक्षण दहावी पास, किमान ४० तास उड्डाण, त्यातले काही एकट्याने, शिवाय लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी. प्रवासी विमानांच्या वैमानिकांना ६५ वर्षांची मर्यादा आहे. हौशी माणसाला वयाची वरची मर्यादा नाही, पण शरीर धडधाकट असल्याचा दाखला वेळोवेळी द्यावा लागतो. मामूजान दहावी पास. वय चालते. पैसे आहेत. राहिला दाखला.

एका संध्याकाळी ते तपासणीचा अर्ज घेऊन आमच्याकडे आले. चहा झाला तरी अर्ज उघडेनात. शेवटी हळूच म्हणाले, "बेटा, साखरेच्या गोळीचं लिहायलाच हवं का? रोज एकच तर घेतो. चक्कर कधी आली नाही."

खरे सांगायचे तर आम्हीही क्षणभर गप्प राहिलो. आपल्या समाजात, आणि सगळ्याच समाजांत, असे अर्ज भरणारे खूप. लग्न जमवताना आजार लपवतो, विम्याच्या कागदावर लपवतो, रोज्यात डॉक्टरांपासूनही लपवतो. वाटते, कुणाचे काय बिघडते? पण साखर एकाएकी उतरली की हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि विचार करण्याची शक्ती आधी जाते. जमिनीवर असे झाले तर माणूस दुकानाच्या पायरीवर बसून गूळ खातो. वर पायरी नसते. शेजारी शिकवणारा असेल, खाली कुणाचे कांद्याचे रान असेल, त्यात खुरपणाऱ्या बायका असतील.

आम्ही म्हणालो, "मामूजान, उंट आधी बांधायचा, मग तवक्कल करायचा, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी शिकवलंत. ही गोळी लपवली तर उंट मोकळा सोडल्यासारखंच होईल."

ते बराच वेळ बोलले नाहीत. चोवीस वर्षांचे स्वप्न एका रकान्यात अडकले होते. आम्हाला वाटले, आता रागावून उठतील. त्यांनी खिशातून पेन काढले, चष्मा लावला आणि गोळीचे नाव विचारून विचारून, अक्षर लावून, नीट लिहिले. मग म्हणाले, "शेपटी लावली बघ."

तपासणीच्या डॉक्टरांनी नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, डोळ्यांचा अहवाल, हृदयाचा आलेख, असे सगळे आणायला सांगितले. निर्णय त्यानंतर. म्हणून सध्या आमचे मामूजान फजरची नमाज झाली की मलठणच्या रस्त्याने तासभर चालून येतात. थंडीत कानाला मफलर असतो, आणि वरून एखादे विमान गेले की ते थांबून पाहतात. गोड चहा बंद झाला आहे.

आमचे गाव लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकरांचे. इथे हौसेला कुणी हसत नाही, तमाशाची हौसही या मातीने जपली. पण फडावर उभे राहण्याआधी तालीम किती करावी लागते, तेही इथल्या लोकांना ठाऊक आहे. मामूजानना परवाना मिळेल की नाही, आम्हाला माहीत नाही. नाही मिळाला तर हडपसरला जाऊन ग्लायडिंगची चौकशी करू, तेही जमले नाही तर पाहून येऊ, असे त्यांनीच ठरवले आहे. मिळाला तर पहिल्या दिवशी आम्ही बरोबर जाणार, आणि वर ढग असले तर त्यांना घरी परत आणणार, हे आमच्यात ठरले आहे.

नानीने अजून होकार दिलेला नाही. ती मुलाशी थेट बोलतही नाही. परवा जेवताना मात्र मामूजानच्या ताटात भात वाढता वाढता तिने चमचा मागे घेतला, अर्धी भाकरी जास्त ठेवली, आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "त्याला सांग, डॉक्टरने भात कमी करायला सांगितलाय."