पाच गावे, पायऱ्या आणि एक गोळी

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील ‘चिंक्वे तेर्रे’, म्हणजे कड्यांच्या कुशीतली पाच रंगीत गावे, पाहण्याचा योग आपणांस येत असेल, तर छायाचित्रांत न दिसणारी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी: पायऱ्या. कोर्निलिया हे गाव समुद्रापासून सुमारे 100 मीटर उंचीवर आहे. स्थानकापासून तेथे पोहोचायला 300 हून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. वर नेणारी छोटी बस असते, तिचीच वाट पाहावी. गुडघे किंवा हृदय साथ देत नसेल, तर मुक्काम मोंतेरोसोला करावा. तेथे स्थानकासमोरच समुद्र आहे आणि किनाऱ्यालगतचा रस्ता सपाट आहे. उरलेली गावे आगगाडीने पाहता येतात. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यापेक्षा मे किंवा सप्टेंबर बरा.

मला खरी चिंता वाटते ती मात्र एका लहानशा गोळीची. माझ्या रुग्ण असलेल्या एक आजी अशाच सहलीहून परतल्या, त्या सुजलेले पाय आणि धाप घेऊन. ‘परक्या गावात स्वच्छतागृह कुठे शोधायचे?’ म्हणून लघवीची गोळी त्यांनी आठ दिवस घेतलीच नव्हती. निघण्यापूर्वी त्या मला भेटल्या होत्या. हे विचारायचे मलाच सुचले नाही. आता प्रत्येकाला विचारतो. या गोळीची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारून बदलता येते. ती परस्पर बंद करू नये. त्यात मोंतेरोसो प्रसिद्ध कशासाठी, तर खारवलेल्या अँचोव्ही माशांसाठी! हृदयविकार असणाऱ्यांनी चवीपुरता एखादा तुकडा घ्यावा.

रक्तदाबाची सकाळची गोळी तेथील सकाळीच घ्यावी. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असते, म्हणून इन्सुलिनच्या वेळा मात्र आधीच लिहून घ्याव्यात. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते. बोटीतील मळमळीवरच्या काही गोळ्यांनी, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडकते. त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात जुन्या आजारांना संरक्षण आहे का, हे मुलांकडून वाचून घ्यावे. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे असावीत. आपल्याकडची व्यापारी नावे तेथील औषधविक्रेता ओळखेलच असे नाही. आणि छातीत दुखू लागले, तर लेकाचा फोन लागण्याची वाट न पाहता 112 फिरवावा.