अधिकारच नव्हता, तर इतकी वर्षे कशाला?

ताथवड्यात, जेथे कालपरवापर्यंत शेते होती व आता उंच इमारती उभ्या आहेत, जमिनीच्या एकाच तुकड्याला चार दरवाजे ठोठवावे लागतात. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात. कुळाचा प्रश्न 1948 च्या कूळकायद्याच्या 85 व्या कलमामुळे तहसीलदाराकडे. फेरफाराचे अपील प्रांताधिकाऱ्यांपुढे. संपादनाच्या मोबदल्याचा तंटा बहुधा 2013 च्या कायद्याखालील प्राधिकरणापुढे. आपला दरवाजा कोणता हे अशिलाला कळत नाही, आणि वकिलालाही कळतेच असे नाही. मग काही वर्षांनी अधिकारक्षेत्राअभावी अपील फेटाळले जाते. घरची मंडळी विचारतात, आपण हरलो का? खरे उत्तर असे की, आपले म्हणणे कोणी ऐकलेच नाही.

याबद्दल न्यायाधीशांना दोष देणे रास्त नव्हे. अधिकार नसलेल्या न्यायालयाचा हुकूमनामा शून्यवत् होय, उभय पक्षांच्या संमतीनेही तो दोष निघत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्येच किरणसिंग खटल्यात सांगितले. आमचा आक्षेप उशिराला आहे, आणि ‘फेटाळले’ या शब्दाला आहे.

उशिरावर महाराष्ट्राने उपाय करून पाहिला होता. अंतरिम अर्जाच्या वेळी अधिकाराचा आक्षेप आला तर तो आधी निकालात काढावा, असे 9-अ हे कलम राज्याने 1977 मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत घातले. हेतू चांगला होता. परंतु प्रतिपक्षाने आक्षेप घ्यावा, त्यावर साक्षीपुरावा व्हावा, मग वरच्या न्यायालयात धाव घ्यावी, आणि मूळ दावा ताटकळत पडावा, असे घडू लागले. 2018 मध्ये राज्यानेच ते कलम वगळले. औषधानेच रोग वाढविला!

तेव्हा नवे कलम नको. आहे ते वापरावे. चुकीच्या न्यायालयात आलेला दावा संहितेप्रमाणे फेटाळला जात नाही, योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत दिला जातो. मुदतीच्या कायद्याचे 14 वे कलम सद्भावनेने वाया गेलेला काळ वजा करते. ते अपिलाला शब्दशः लागू नसले तरी त्याचे तत्त्व लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सीमाशुल्काच्या एका अपिलात मान्य केले आहे. अपीलही तसेच परत द्यावे, योग्य कचेरीचे नाव हुकुमातच लिहावे, आणि ही छाननी दाखल करून घेतानाच एखाद्या अनुभवी शिरस्तेदाराकडून व्हावी. कारण अपील दाखल झाल्याने स्थगिती आपोआप मिळत नाही. वादातल्या जमिनीवर मजले चढतच असतात.